न फुटलेले नारळ

शालूबाईंनी वरवंटा उचलला आणि काखेतून अशी कळ गेली, की तो त्यांना पाट्यावर तसाच टेकवावा लागला. ओसरीच्या कडेला अंग चोरून बसलेल्या पूर्णिमानं मान वर केली.

"काय झालं आक्का?"

"काय न्हाय गं. हात आवघडलाय. तू बस निवांत."

त्या पुन्हा वाटायला लागल्या, या खेपेला सगळा जोर डाव्या हातावर घेऊन. गोरखचिंचेची साल मोठी चिवट. आधी कुटायची, मग वाटायची, मग हळद घालून पुन्हा वाटायची, तेव्हा कुठं लेप अंगाला धरतो. पूर्णिमा आजऱ्याकडून आली होती, एकटीच. काजूच्या कारखान्यात कामाला जाते असं घरी सांगून निघाली होती. तिशीसुद्धा उलटली नव्हती बिचारीची. आल्या आल्या तिनं छातीशी हात नेला आणि खाली बघत एवढंच म्हणाली, "गाठ हाय." त्यावर शालूबाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला होता. दुखती का?

"न्हाय. जराबी दुखत न्हाय."

"मग भ्यायाचं काय कारण?" हे यावरचं त्यांचं ठरलेलं उत्तर. कितीजणी त्या एका वाक्यावर हसत घरी गेल्या असतील! आज मात्र ते सोडून त्यांनी साल कुटायला घेतली होती. त्यांची स्वतःची गाठही कितीतरी दिवस जराबी दुखत नव्हती.

त्यांनी लेप पळसाच्या पानात बांधला आणि पूर्णिमाच्या हातात दिला.

"रोज सांजच्याला लाव. सकाळी कोमट पाण्यानं धू. मासळी, आंबट खाऊ नगं. आन् गुण आला की ये, नारळ घिऊन."

"आन् न्हाय आला तर?"

असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. शालूबाईंचा आवाज उगाचच चढला.

"येतोय की! न यायला काय झालंय?"

पूर्णिमा वरमली. पुडा पिशवीत घालून, परसातल्या झाडाला लांबूनच हात जोडून ती वाटेला लागली. ती वळणापलीकडं दिसेनाशी होईपर्यंत शालूबाई दारात उभ्या होत्या.

झाड घरामागं, उसाच्या बांधावर होतं. पंचक्रोशीत गोरखचिंच एवढी एकच. चार गड्यांच्या कवेत न मावणारं राखाडी खोड, आणि उन्हाळ्यात असं बोडकं व्हायचं की परगावचा माणूस मेलं म्हणून हळहळायचा. पाऊस लागला की पंजासारखी पानं फुटत, लांब देठांना मोठाली पांढरी फुलं लोंबत, आणि मग मखमली सालीची फळं धरत. फळ फोडलं की आत बियांभोवती पांढरा, आंबट, भुसभुशीत गर. तापाला हा गर पाण्यात कालवून द्यायचा, पोराबाळांच्या जुलाबाला ताकातून. सुजेवर पानं शिजवून बांधायची, हिवतापाला सालीचा काढा. गडहिंग्लजपासून आजऱ्यापर्यंतची माणसं यासाठी त्यांच्या दाराशी येत. फार मागं कुण्या हबशी फकिराला या घरातल्या बाईनं भाकरी वाढली, त्यानं झोळीतलं बी दिलं आणि काय कशावर द्यायचं तेही सांगितलं, अशी घरात गोष्ट होती. गोष्टीचं खरंखोटं देव जाणे. पण शालूबाईंच्या सुनेनं, क्रांतीनं, एकदा मोबाईलवर बघून सांगितलं की झाड खरोखरच आफ्रिकेतलं आहे आणि तिकडच्या आयाही तापल्या पोराला हाच गर देतात. तेव्हा शालूबाईंना कोण आनंद झाला होता!

"आन् गाठीचं काय म्हणत्यात तकडं?" त्यांनी विचारलं होतं.

"गाठीचं कुठं दिसलं न्हाय, आत्ती."

दिसणार कसं? गाठीचा लेप फकिरानं सांगितलेलाच नव्हता. तो त्यांच्या सासूनं, झुंबरबाईंनी, काढला. एका बाळंतिणीच्या छातीत दूध गोठून लालभडक गाठ आली होती, ठणकत होती. झुंबरबाईंनी सालीचा लेप दिला आणि गाठ बसली. बाई नारळ घेऊन आली, आणि जाताना चार घरी सांगून गेली. तेव्हापासून गाठीवाल्या बायका येऊ लागल्या, त्या अजून येत होत्या.

औषधाला पैसा घ्यायचा नाही आणि दिल्यावर माणसाच्या मागं चौकशीला जायचं नाही, ही या घराची रीत. गुण आला की माणसानं आपण होऊन यायचं, झाडाखाली नारळ फोडायचा, अर्धं खोबरं घरात द्यायचं आणि करवंट्या तिथंच टाकायच्या. त्या करवंट्यांचा बुंध्याशी मोठा ढीग झाला होता. शालूबाईंचे यजमान पिराजी आल्यागेल्या पावण्याला तो हौसेनं दाखवत आणि म्हणत, "बघा म्हणावं डॉक्टरास्नी!" जी माणसं परत येत नसत त्यांच्यावर झुंबरबाई चिडायच्या. गुण आला की मानसं वाट इसरत्यात, म्हणायच्या. शालूबाईही तसंच म्हणत आल्या होत्या.

आपली गाठ त्यांना शिमग्याच्या सुमाराला लागली. त्या दिवसापासून, दुसऱ्यांसाठी वाटलेल्या लेपातला चिमूटभर त्या मागं ठेवायच्या आणि न्हाणीचं दार लावून लावायच्या. आता गणपती झाले होते. गाठ बसली नव्हती. वाढली होती, वरची कातडी आत ओढल्यागत झाली होती, आणि आता काखेत दुसरी हाताला लागत होती. भीती वाटत होती, उघड उघड भीती. मरणाची तर होतीच, पण त्याहून जास्त त्या ढिगाची होती. आक्काच दवाखान्यात गेली असं एकदा गावात झालं, की त्या करवंट्यांकडं कोण कसं बघेल? पिराजींना काय वाटेल? म्हणून त्या गप्प होत्या. भाकरी थापताना, शेण काढताना, माणसांशी हसून बोलताना भीती आपली आत कुरतडत असायची.

क्रांतीनं चोळी धुताना पिवळट राखी डाग बघितला. एकदा बघितला, दोनदा बघितला. पूर्णिमा गेली त्या दुपारी ती चोळी हातात घेऊनच सासूसमोर उभी राहिली.

"आत्ती, ह्यो लेप कुणाचा?"

शालूबाई आधी रागावल्या, मग नाही नाही म्हणाल्या, आणि मग एकदम खालीच बसल्या. क्रांतीनं दार लोटून घेतलं.

"उद्या कोल्हापूरला जायाचं," ती म्हणाली. "काय बोलू नगासा."

"मामंजीस्नी काय सांगू तुझ्या?"

"वाडीला जातो म्हणून सांगू. दत्ताच्या दर्शनाला."

पिराजींना वाडीचं नाव काढताच हुरूप आला. "आरं मग मी बी येतो की! लई दीस झालं, दर्शन न्हाय."

शालूबाईंनी सुनेकडं बघितलं. पण क्रांती पक्की होती.

"म्हशीची धार कोण काढणार मामा? तुमच्याबिगर ती कुणाला जवळ तरी घेती का?"

"ते बी खरं हाय म्हणा," पिराजी खुलून म्हणाले. "बरं, प्रसादाची कवठाची बर्फी आणा."

दुसऱ्या दिवशी एसटीत शालूबाई पदर कपाळापर्यंत ओढून बसल्या होत्या. दर थांब्याला कुणी ओळखीचं चढलं की त्या खिडकीकडं तोंड फिरवत. कोल्हापुरात स्टँडवर उतरल्या, रिक्षात बसल्या, तर क्रांतीनं इतक्या हळू आवाजात दवाखान्याचं नाव सांगितलं की रिक्षावाल्याला ते ऐकूच जाईना. शेवटी त्याची ट्यूब पेटली.

"कॅन्सरचा दवाखाना व्हय? मग तसं सांगा की मावशी! लाजताय काय?"

निम्मा स्टँड वळून बघतोय असं शालूबाईंना वाटलं. घरात हा शब्द अजून कुणी उच्चारलेला नव्हता. त्यांनी रिक्षाचा दांडा घट्ट धरला, आणि दवाखाना येईपर्यंत सोडला नाही.

डॉक्टरीणबाई बोलायला गोड होत्या, पण तपासताना त्यांचा चेहरा हलला नाही, आणि शालूबाई त्या चेहऱ्याकडंच बघत होत्या.

"वर काय लावत होता?"

"हळद," शालूबाई म्हणाल्या. झाडाचं नाव जिभेवर आलंच नाही.

सुईनं गाठीतला तुकडा काढून तपासायचा होता. नाव पुकारतील, तोवर बाहेर बसा म्हणून सांगितलं. क्रांती कागद करायला खिडकीपाशी गेली आणि शालूबाई बोळातल्या खुर्च्यांच्या लांबलचक रांगेत जाऊन बसल्या.  समोरच्या दारातून एक बाई बाहेर आली, तिच्या मागं दुसरी आत गेली. तुकडा म्हणजे केवढा? सुई म्हणजे केवढी? विचारायचं तरी कुणाला?

"आक्का?"

शेजारच्या खुर्चीवरून आवाज आला. डोक्याला घट्ट ओढणी बांधलेली, भुवया नसलेली एक बाई त्यांच्याकडं बघत होती. शालूबाईंना काही ओळख पटेना.

"मी सलमा. गडहिंग्लजची. बांगड्याचं दुकान हाय बघा आमचं."

आता ओळख पटली आणि त्या हबकल्या. गेल्या साली लेप घेऊन गेलेली सलमा गुबगुबीत होती, सारखी हसायची. गुण आला की आक्का, नारळ तर आणतेच, वर तुमचे हात भरून हिरवा चुडा घालते, म्हणाली होती. मग फिरकलीच नाही. बांगडीवालीला चुडा जड झाला गं, असं शालूबाई क्रांतीपाशी, चारचौघींत बोलल्याही होत्या.

"रागावला न्हाईसा न्हवं?" सलमानं विचारलं.

"मी? कशापायी?"

"परत आले न्हाय म्हणून. नारळ आणून ठेवलाता, आक्का. पर गुणच आला न्हाय. मग कुठल्या तोंडानं येऊ?" ती खालच्या आवाजात म्हणाली, "माझंच पथ्य चुकलं. मासळी खाऊ नगं म्हणालतासा. मला राहवलं न्हाय बघा. सासू न्हवती घरात, तवा सुकट भाजून खाल्ली. तितनंच समदं बिघाडलं."

 मासळीचं पथ्य झुंबरबाई सांगायच्या म्हणून त्याही सांगत. का, हे त्यांनी कधी सासूला विचारलं नव्हतं.

"मी एकलीच न्हाय," सलमा बोलतच होती. मोकळं व्हायला माणूस मिळालं होतं तिला. "मागल्या बारीला उत्तूरची एक भेटलीती. ती बी तुमच्याकडं येऊन गेलीया. नेसरीची एक होती, थोराड अंगाची. ती बी. ती आता न्हाय. आमी बोलतो की आपसात. आक्काच्या हाताला यश हाय, आमालाच मानवलं न्हाय, काय करायचं?"

नेसरीची थोराड अंगाची बाई शालूबाईंना आठवली. ती तर त्यांच्या लेखी बरी होऊन वाट विसरलेली होती. त्यांच्या दाराशी परत आलेलं प्रत्येक माणूस बरं झालेलंच होतं. कसं नसणार? बरं झालेल्यांनीच तर यायचं होतं. बाकीची कुठं जात होती? ती इथं येत होती, या खुर्च्यांवर, आणि इथं बसून स्वतःलाच दोष देत होती. बोळात दूरवर बायका बसल्या होत्या. यातल्या आणखी कोण कोण आपल्या ओसरीवर बसून गेल्या असतील, या धास्तीनं शालूबाईंना त्यांच्या तोंडांकडं बघवेना.

"तुमी कुणाला घिऊन आलाय?" सलमानं विचारलं.

"सुनंला," शालूबाईंच्या तोंडून निघून गेलं.

"आगं बाई! तरणीताठी पोर." सलमा हळहळली. मग इकडंतिकडं बघून खुर्चीतल्या खुर्चीत त्यांच्याकडं सरकली. "आक्का, एक मागू? आज माझं सलाईन हाय. पर म्या न्हाय घेणार. हे झेपत न्हाय मला. तोंडात फोड, अंगाची आग, पोरं जवळ यायला भित्यात. आत्ता उठून जाणारच हुते आन् तुमी येऊन बसलासा. अल्लानंच धाडलं तुमास्नी. मला ताजी साल द्या. परत सुरवात करते. आता मेले तरी मासळीला शिवत न्हाय."

तिचे डोळे चमकत होते. आल्यापासून पहिल्यांदाच तिच्या तोंडावर जुनी सलमा दिसली. 'ये' एवढं म्हटलं की झालं असतं. सलमा खुशीत उठून गेली असती, झाडाचं नाव राहिलं असतं, आणि शालूबाईंना कशासाठी इथं यावं लागलं ते कुणाला कळलंही नसतं.

शालूबाईंनी तिचा हात धरला. तिला वाटलं, आक्का धीर देतायत. पण तो हात त्यांनी आपल्या पदराखाली नेला आणि चोळीवरून छातीला लावला. डॉक्टरीणबाईंनी पुसूनही कडेला राहिलेला वाळका लेप चोळीखाली खरखरला. त्याखाली ती गाठ. सलमाची बोटं तिथंच थांबली. अशी गाठ ओळखायला तिला कुणी सांगायला नको होतं.

"कवाधरनं?" तिनं विचारलं.

"शिमग्यापासनं लावतीया. रोज."

"आन् पथ्य?"

"समदं पाळलं. मासळी न्हाय, आंबट न्हाय. एक दीस चुकले न्हाय."

सलमानं हात काढून घेतला. तो मांडीवर ठेवून ती त्याच्याकडंच बघत राहिली.

"म्हंजी माझ्या सुकटीनं न्हाय झालं?"

"न्हाय गं बाई. न्हाय."

"मी रोज तेच म्हणत हुते. रोज, आक्का! नवरा बी म्हणतोय, जिभंपायी मरणार तू." तिचा आवाज फाटला. तिनं तोंड फिरवलं आणि ओढणीच्या टोकानं डोळे पुसू लागली.

शालूबाई तिच्या शिव्यांची वाट बघत बसल्या. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. सलमा डोळे पुसतच राहिली, पण उठली नाही. तेवढ्यात क्रांती कागद घेऊन आली. सासूचा चेहरा बघून ती घाबरलीच.

"आत्ती, काय झालं?"

"त्या आजऱ्याच्या पोरीला फोन लाव. पूर्णिमाला. घरात हाय का म्हणून तिनं तुझ्याच फोनवर इचारलंतं न्हवं?"

"आत्ता?"

"आत्ताच. लेप टाकून दे म्हणावं. आन् हितं ये म्हणावं, ह्याच दवाखान्यात. दुखत न्हाय म्हणून बसू नगं म्हणावं."

"ती ऐकायची न्हाय, आत्ती. इचारंल, आक्कानं तर सवता दिलाय."

 "सांग तिला, आक्का सवता हितं बसलीया. गाठ घिऊन."

 क्रांती फोन कानाला लावून जिन्याकडं गेली. तिचं हळू आवाजातलं बोलणं बोळात ऐकू येत होतं, आणि शालूबाईंना ते थांबवावंसं वाटत होतं. आज पूर्णिमाला कळणार, उद्या आजऱ्याला, परवा गावात पिराजींना. पण त्या उठल्या नाहीत.

समोरचं दार उघडलं.

"शालूबाई पिराजी! शालूबाई पिराजी कोण आहे?"

"हाय, हाय," त्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक निघाला की नर्सनं पुन्हा पुकारलं. त्या अर्धवट उठल्या. खुर्चीची पाठ धरून त्या तशाच वाकून उभ्या राहिल्या. त्या दाराच्या आत काय असेल ते असो, आपल्याच्यानं एवढं चालवणार नाही, असं त्यांना खरोखर वाटलं.

शेजारून एक हात दंडाखाली आला आणि त्यांना सरळ उभं केलं. सलमा अजून त्यांच्याकडं बघत नव्हती.

"सुईकडं बघू नगासा," ती म्हणाली. "डोळं बी मिटू नगासा, मिटलं की जास्त कळतंय. भित्ताडाकडं बघायचं. आदी बधीर करत्यात, तेवढंच काय ते दुखतंय."

"तू चाललीस?" शालूबाईंनी विचारलं.

सलमानं त्यांना दाराकडं वळवलं. नर्स दार धरून ताटकळत होती, म्हणून शालूबाई निघाल्या. दाराशी पोचल्यावर त्यांनी मागं वळून पाहिलं. सलमा आपल्या जागेवर बसली होती, आणि एसटीत जागा धरावी तशी तिनं आपली पिशवी शालूबाईंच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवली होती.